खडाखडी

आखाड म्हटल्यावर आमच्या घरात जे होतं तेच यंदाही झालं. दादानं सकाळीच मटण आणलं, आईनं वाटण वाटलं, दुपारी तांबडा-पांढरा, सुकं, आणि आप्पांसाठी म्हणून वेगळी मुंडी, कारण मुंडीशिवाय आखाड म्हणजे आप्पांच्या लेखी उपासच. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला त्यांच्या खोलीतून आवाज आला. जाऊन बघते तर आप्पा पलंगावर बसलेत, उजवा पाय पांघरुणाच्या बाहेर, अंगठ्याच्या बुडाचा सांधा लालबुंद आणि वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. पंखा बंद कर म्हणाले, वारा लागतोय. ज्या माणसानं तरुणपणी मोडलेल्या बोटाला फडकं बांधून कुस्ती मारली तो माणूस पंख्याचा वारा नको म्हणतो, हे बघून मला आधी हसू आलं आणि मग लगेच कसंतरीच झालं.

सकाळी डॉक्टरांनी नुसता अंगठा बघून गाऊट म्हटलं, बाकीच्या टेस्ट नंतर. युरिक अ‍ॅसिड रक्तात जास्त झालं की ते सांध्यात बसतं, सुयांसारखे खडे होतात, पायाचा अंगठा अंगातला त्यातल्या त्यात थंड भाग म्हणून तिथं आधी. एवढं आप्पांना पटलं. मग त्यांनी कोल्चिसिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं की काका, ही गोळी खड्यांना हात लावत नाही हं, खडे तिथंच राहणार, खड्यांवर ज्या पांढऱ्या पेशी धावून जातात आणि सगळी आग करतात त्यांना ही जरा थोपवते. आप्पा काही क्षण गप्प. मग म्हणाले, "म्हंजे खडं ऱ्हाऊ देत, आन् आपल्याच पोरांना बांधून ठेवायचं? ह्ये कसलं औषध म्हणायचं?" डॉक्टर हसले, पुढचा पेशंट आत आला, विषय संपला. माझ्यासाठी नाही संपला.

कारण ती पोरं मी रोज मोजते. राजारामपुरीत एका लॅबमध्ये कामाला आहे, सकाळभर सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि स्मीअर. काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, वाळवायचा, लेशमन स्टेन टाकायचा, धुवायचा, आणि मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली बघत पॉली इतके, लिम्फो इतके असं बटणं दाबत जायचं. स्टेनमधल्या मिथेनॉलनं पेशी होती त्या जागी गोठलेली असते, चपटी, जांभळी, सुंदर. पॉली म्हणजे न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं, मध्ये बारीक दोरा. लिम्फोसाइट म्हणजे जवळजवळ सगळं केंद्रकच, भोवती निळसर रंगाची पातळ कड. त्या कडेत काय आहे हे लेशमनमध्ये दिसत नाही आणि रिपोर्टमध्ये कुणी विचारतही नाही. एमएस्सीला सायटोस्केलेटन म्हणून एक चॅप्टर होता, पेशीचा आतला सांगाडा, त्यावर हमखास दहा मार्कांचा प्रश्न यायचा आणि आम्ही तो पाठ करून मोकळे व्हायचो. सांगाडा म्हणजे आधार, आकार देणारा, हालचाल करणारा. पाठ केलेलं सगळं बरोबरच होतं म्हणा. पण आप्पांच्या बोलण्यानंतर मी जुन्या नोट्स काढल्या, मग पेपर वाचत गेले, आणि लक्षात आलं की यातली खरी मजा आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती.

त्या आठवड्यात एकदा लॅब रिकामी झाल्यावर मी स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, कडेनं व्हॅसलिन म्हणजे वाळायला नको. स्टेन नाही, काही नाही. स्लाइड थोडा वेळ तळहातांत धरून ऊब दिली, कारण गार पेशी हलत नाहीत, कंडेन्सर खाली घेतला आणि बघत बसले. सगळीकडे लाल पेशी आणि त्यात मध्येच एक न्यूट्रोफिल, गोल, आतल्या दाण्यांची नुसती चुळबुळ. बराच वेळ काहीच नाही. मग तिच्या एका बाजूनं एक स्वच्छ, काचेसारखी पारदर्शक कड बाहेर यायला लागली, तिच्यात एकही दाणा नाही. कड पुढं सरकली, थांबली, परत सरकली आणि मग मागून सगळे दाणे एकदम तिच्यात ओतले गेले. वाटेतली लाल पेशी तिनं बाजूला ढकलली. मिनिटाला फार तर दहा-वीस मायक्रॉन, म्हणजे दोन-तीन लाल पेशींच्या रुंदीएवढं अंतर. ती स्वच्छ कड स्वच्छ का, तर तिथं अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची इतकी दाट जाळी विणलेली असते की दाण्यांना आत शिरायला जागाच नसते. म्हणजे मला जे रिकामं दिसत होतं तिथंच सगळ्यात जास्त गर्दी होती. मान अवघडली तरी उठवेना.

हे अ‍ॅक्टिन म्हणजे स्नायूतलंच. १९४२ साली हंगेरीत सेगेद गावी, आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांच्या लॅबमध्ये ब्रूनो स्ट्राउब यांनी ते सशाच्या स्नायूतून वेगळं केलं आणि नंतर बरीच वर्षं ते स्नायूचंच समजलं जायचं. मग कळलं की ते जवळपास सगळ्याच पेशींत आहे. धागा जेमतेम ७ नॅनोमीटर जाड, एका टोकाला जोडत जातो, दुसऱ्या टोकाला सुटत जातो, त्यामुळे हा सांगाडा आपल्या हाडांसारखा एकदा झाला की झाला असा नाहीच, क्षणाक्षणाला मोडतो आणि उभा राहतो. त्याच्या जोडीला मायक्रोट्युब्युल, २५ नॅनोमीटरच्या पोकळ नळ्या, ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या, त्यांच्यावरून पेशीत मालाची ने-आण चालते. आप्पांना मी एवढंच सांगितलं की तुमच्या दंडात जे आहे तेच ह्या पांढऱ्या पेशीत आहे. ते एकदम खूष. "मग पैलवानच की ती!"

आणि तिथून मला खडाखडी आठवली.

लहानपणी आप्पा खांद्यावर बसवून खासबागला न्यायचे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं ते मैदान, मध्ये लाल मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली माणसं, हलगी-तुतारी, घामाचा वास आणि मातीचा वास. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं हे मला फार नंतर कळलं, तेव्हा नुसतं वाटायचं की ह्या मातीला फोडणीचा वास का येतोय. सलामी झाली की मला वाटायचं आता धडाधड उचलून आपटतील. तसं काही व्हायचं नाही. दोघं वाकून हात लावतात, सोडतात, मानेवर तळवा टेकवतात, झटकतात, पंजात पंजा अडकवतात, परत सुटतात. मोठमोठ्या जोडीत हे इतका वेळ चालायचं की मागचे लोक शिट्ट्या मारायला लागायचे, लावा की लवकर! आप्पा मात्र अजिबात हलायचे नाहीत. त्यांचे वस्ताद म्हणे तालमीत नवीन पोरांना महिनोन् महिने डाव शिकवायचेच नाहीत, नुसती खडाखडी. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे तळव्याला कळल्याशिवाय पटात शिरायचं नाही. जे पोर घाईनं शिरतं ते स्वतःच खाली जातं.

टी सेल, म्हणजे लिम्फोसाइटांतलीच एक जात, हेच करते. तिच्या अंगावर अ‍ॅक्टिनच्या धाग्यांवर उभी राहिलेली बारीक बारीक बोटं असतात आणि ओळखणारे रिसेप्टर त्या बोटांच्या टोकांशी दाटलेले असतात. लिम्फ नोडमध्ये ती फिरत राहते, दुसऱ्या पेशीला बोटं लावते, ढकलून-ओढून बघते, सोडते, पुढं जाते. बहुतेक वेळा सोडतेच. समोरच्या पेशीनं दाखवलेला प्रथिनाचा तुकडा परका निघाला तरच ती थांबते, मिनिटभरात गोलाची चपटी होते, समोरच्या पेशीवर पसरते, कडेला अ‍ॅक्टिनचं कडं तयार होतं आणि रिसेप्टर मध्याकडे गोळा व्हायला लागतात. १९९८ मध्ये अब्राहम कुफर यांच्या टीमनं ह्या जोडणीचे फोटो छापले, एकात एक वर्तुळं, नेमबाजीच्या चकतीवर असतात तशी. तेव्हा सगळ्यांना वाटलं की मधला ठिपका म्हणजे सिग्नल सगळ्यात जोरात चालतो ती जागा. मीही तेच गृहीत धरलं असतं, सगळे मध्ये जमलेत म्हणजे तिथंच काहीतरी चालू असणार.

पण तसं नाहीये आणि मला ह्या सगळ्यात आवडलेला प्रयोग तोच आहे. २००५ मध्ये जे ग्रोव्ह्ज आणि मायकल डस्टिन यांच्या टीमनं काचेवर धातूच्या अतिसूक्ष्म भिंती उभ्या केल्या आणि त्यावर टी सेल बसवली. रिसेप्टरचे पुंजके कडेला तयार झाले, अ‍ॅक्टिन त्यांना घेऊन मध्याकडे निघालं आणि भिंतीला अडकलं. झालं काय, तर कडेलाच अडकलेल्या पुंजक्यांचा सिग्नल जास्त वेळ चालू राहिला. म्हणजे मध्यावर जाणं हा शेवट होता. कडेला अ‍ॅक्टिन नसेल तर पुंजका तयारच होत नाही, सिग्नल सुरूच होत नाही, आणि तेच अ‍ॅक्टिन त्याला हळूहळू मध्ये नेऊन बंदही करतं. सुरू करणारा आणि आवरणारा एकच. हे वाचलं तेव्हा मी आप्पांच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते आणि गॅसवर दूध उतू गेलं, आईनं जे काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

बी सेल म्हणजे अँटिबॉडी बनवणारी लिम्फोसाइट, तिच्यात तर अजून गंमत. तिचे रिसेप्टर पडद्यावर मोकळे तरंगत असतात असं वाटतं, पण पडद्याच्या लगेच खाली अ‍ॅक्टिनची जाळी आहे आणि ती त्यांना फार लांब जाऊ देत नाही. २०१० मध्ये फाकुंडो बातिस्ता यांच्या लॅबमध्ये औषध टाकून ती जाळी मोडली. समोर जंतू नाही, परका तुकडा नाही, काहीच नाही, तरी नुसती जाळी मोडल्यावर पेशीत सिग्नल सुरू झाला. मी हा पेपर दोनदा वाचला. शांत बसलेली पेशी शांत आहे कारण तिला कुणी उचकवलं नाही, असंच मी धरून चालले होते. ती शांत आहे कारण आतून तिला कुणीतरी सतत धरून ठेवलंय, त्यावर ऊर्जा खर्च होतेय, प्रत्येक सेकंदाला.

मारणाऱ्या टी सेल तर शेवटपर्यंत हिशोबात असतात. शिकार पक्की झाली की नळ्यांचं केंद्र पेशीच्या मागच्या बाजूनं सरकत थेट जोडणीच्या जागी येऊन टेकतं, मधलं अ‍ॅक्टिन बाजूला होतं, नळ्यांवरून विषाच्या पिशव्या येतात आणि नेमक्या तेवढ्याच फटीतून समोरच्यावर रिकाम्या होतात. शेजारच्या चांगल्या पेशीला धक्का नाही. आणि मग अ‍ॅक्टिन परत मध्ये येतं. केंब्रिजमध्ये गिलियन ग्रिफिथ्स यांच्या लॅबनं २०१७ मध्ये दाखवलं की ते परत आलं की पिशव्या सुटणं थांबतं. मग ती सोडते आणि पुढच्याकडे जाते. पुढची शिकार करायला काहीतरी शिल्लक राहतं ते त्यामुळे.

हे सगळं वाचताना छान वाटतं, पण ज्यांच्यात हा सांगाडा बिघडलेला असतो त्यांचं वाचताना पोटात कालवतं. १९३७ मध्ये म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी एकाच घरातल्या तीन भावांबद्दल लिहिलं. प्लेटलेट कमी म्हणून रक्तस्राव, अंगावर एक्झिमा, कान सतत फुटलेले. बहिणी ठणठणीत. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ऑल्ड्रिच यांना एका घराण्यात हेच दिसलं, पिढ्यान् पिढ्या फक्त मुलगे, म्हणजे दोष एक्स क्रोमोसोमवर, आईकडून आलेला. जीन सापडायला १९९४ उजाडलं. त्या जीनचं प्रथिन काय करतं, तर पेशीला बाहेरून निरोप आला की अ‍ॅक्टिनला नवीन फांद्या फोडायला लावतं. बस, एवढंच. एवढं नसेल तर टी सेलला धड पसरता येत नाही, न्यूट्रोफिलला धड चालता येत नाही, साधा जंतूही भारी पडतो. आणि त्याच मुलांपैकी कितीतरी जणांत हीच दुबळी फौज स्वतःच्या अंगावर उलटते, रक्तपेशी फोडते, सांधे, रक्तवाहिन्या सुजवते. मला आधी हे समजेचना, एक तर अशक्त तरी असावी नाहीतर आक्रमक तरी. आप्पांना सांगितलं तर ते जराही चकित झाले नाहीत. "कच्चं पोर तसंच अस्तंय. दाबायला जोर न्हाई आन् सोडायचं कवा त्ये ठावं न्हाई. मैदानात लोकांचं हात असलीच पोरं मोडत्यात."

डॉक-८ म्हणून अजून एक जीन आहे, त्यात दोष असेल तर टी सेल दाट कातडीतून वाट काढताना वाटेतच फाटते, अक्षरशः तुकडे होतात. त्या पेशंटांना कातडीचे विषाणू सोडत नाहीत. मी रोज मोजते त्या पेशी हातातून काचेपर्यंत येताना किती चिंचोळ्या जागांतून आलेल्या असतात ह्याचा मी कधी विचार केला नव्हता.

मध्ये पाऊस जरा उघडला तेव्हा पन्हाळ्याला गेलो होतो, आप्पा गाडीतच, पाय वर करून. तटाच्या खालच्या बाजूला करवंदीच्या जाळीत कळलावी फुललेली होती. मी खाली बसून नीट बघितली. पानाच्या टोकाचाच आकडा होतो आणि तो बाजूच्या काटकीला वेढा घालून वर चढतो, फुलाच्या पाकळ्या खालून पिवळ्या, वर लाल, कडेनं कुरळ्या, सगळ्या उलट्या वळलेल्या आणि परागकोश खाली बाहेर काढलेले. आजी ह्याचा कंद उगाळून अडलेल्या बाईच्या तळपायाला लावायचं सांगायची, पण पोटात जाऊ द्यायचं नाही म्हणून दरडावायचीही. जाऊ द्यायचं नाही कारण त्या कंदात कोल्चिसिन भरलेलं असतं. आप्पांच्या गोळीतलंच. तमिळनाडूत ह्याची शेती होते, बिया औषधासाठी जातात. विषबाधेतून जे वाचतात त्यांचे केस आठ-पंधरा दिवसांनी झडतात, कारण केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात आणि विभागणीला नळ्या लागतात, कोल्चिसिन नेमकं ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळ्या उभ्याच राहू देत नाही. खरं तर ट्युब्युलिन सापडलंच असं, १९६७ च्या सुमाराला शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर बघत होते की कोल्चिसिन पेशीत नक्की कुणाला जाऊन चिकटतं. हिरवळीत ते फूल बघताना मला ते सुंदर वाटलं आणि भीतीही वाटली. दादा फोटो काढून झाल्यावर तोडायला निघाला होता, मी त्याचा हात धरला.

आता आप्पांचा प्रश्न. न्यूट्रोफिलमध्ये औषध बाहेर फेकणारा पंप कमी असतो, म्हणून कोल्चिसिन त्यांच्यात जास्त साठतं आणि थोड्या डोसमध्येही त्यांच्यावर परिणाम होतो. मग ह्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला पूर्वीसारख्या चिकटत नाहीत, सांध्याकडे जाणारी रांग रोडावते. सांध्यात खडे गिळून बसलेल्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी, इन्फ्लमझोम नावाचं यंत्र जोडतात, त्यातून तापाचा, सुजेचा निरोप सुटतो (युरिक अ‍ॅसिडच्या खड्यांनी हे होतं ते २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या टीमनं दाखवलं), आणि ह्या जोडणीलाही नळ्या लागतात, तिथंही कोल्चिसिन आडवं येतं. म्हणजे पोरांना बांधून ठेवायचं हे आप्पांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण पोरं आधीपासूनच बांधलेली असतात, निरोगी माणसात तर सगळ्यात पक्की. खडा हा जंतू नाही, त्याला मारता येत नाही, पेशी त्याला गिळते आणि स्वतःच मरते, मग दुसरी येते. असल्या जोडीत आत शिरण्यात काही अर्थ नसतो. हे मी आप्पांना असंच्या असं सांगितलं. ते म्हणाले, "मग खड्याचं काय?" खड्याची गोळी वेगळी, सूज उतरल्यावर सुरू होईल, आणि ती सुरू झाल्यावर जुने खडे विरघळताना परत झटका येऊ शकतो, म्हणून पहिले काही महिने कोल्चिसिनही बरोबर. हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हा सगळा कट मीच रचलाय.

आणि आता दादानं मोबाइलवर वाचलंय की हेच औषध हार्टलाही चालतं, मग आप्पांना कायमचंच देऊन टाकू की, त्यांची अँजिओप्लास्टी झालीच आहे. चालतं हे खरं आहे. रक्तवाहिनीतल्या चरबीतही कोलेस्टेरॉलचे खडे असतात आणि तिथंही ह्याच पेशी आग लावतात. २०१९ मध्ये नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ४,७४५ लोकांवर अभ्यास झाला, रोज अर्धा मिलिग्रॅम, त्यात पुढचे झटके वगैरे ७.१ टक्क्यांवरून ५.५ वर आले. २०२० च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातही फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत हार्टसाठी मंजुरीही मिळाली. मग २०२४ मध्ये सात हजारांवर पेशंट घेऊन झालेल्या अभ्यासात फायदा दिसलाच नाही. मला मात्र त्या २०१९ च्या पेपरातली एक छोटी ओळ जास्त खुपली, न्युमोनिया. गोळी न घेणाऱ्यांत ०.४ टक्के, घेणाऱ्यांत ०.९. आकडा लहान आहे, हार्टचा फायदा त्याच्यापुढं मोठाही असेल, पण पंचाहत्तरीच्या माणसाला वर्षानुवर्षं ही गोळी द्यायची म्हणजे खडाखडीतला हात थोडा जड करून ठेवायचा आणि समोर खडाच येईल, जंतू येणार नाही, असं धरून चालायचं.

दादा म्हणाला, ते सगळं ठीक आहे, द्यायची का नाही ते सांग. मी म्हटलं ते कार्डिओलॉजिस्ट सांगतील, तू व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवू नकोस. आणि त्याआधी क्रिएटिनिन करून घेऊ, किडनी ढिली असेल तर हे औषध अंगात साठत जातं. सँपल मीच काढते, आप्पांना दुसऱ्या कुणाच्या हातची सुई चालत नाही.